नीटमध्ये नंबर लागला नाही तरी आजार शोधता येतो

प्रश्न: लहान भावाचं पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं. दुसरंही तसंच मलूल पडलं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर रक्ताचे थेंब घेऊन तपासायला पाठवले. मिथाईलमलोनिक ॲसिडिमिया (शरीरात आम्लं साठण्याचा जन्मजात आजार) निघाला, बाळ वाचलं. माझी बारावी सायन्सची मुलगी म्हणते, मला हेच काम करायचं. नीटमध्ये नंबर नाही लागला तर? यात नोकरी आहे का?
– एक शेतकरी वडील, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, नंबर लागला नाही तरी तिची वाट बंद होत नाही. हे निदान एकटा डॉक्टर करत नाही.

अशी बाळं जन्मतः बहुधा धडधाकट दिसतात, कारण पोटात असताना नको ते पदार्थ वारेतून आईकडे निघून जातात. दूध सुरू झालं की एखादं एन्झाइम (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) नीट काम करत नसल्याने आम्लं साठतात आणि बाळ दूध ओढेनासं होतं. जंतुसंसर्गातही हुबेहूब असंच दिसतं. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञाला शंका यावी लागते. पुढचं बरंचसं रसायनशास्त्र. कागदावर वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीचं (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारं) यंत्र एकाच वेळी अनेक आजारांचा माग काढतं, लघवीतली आम्लं जीसी-एमएसवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासतात, आणि या यंत्रांतून निघणारे आलेख वाचायला बायोकेमिस्ट, म्हणजे जीवरसायनतज्ज्ञ लागतो.

बारकावा किती लागतो तेही तिला सांगा. थेंब कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपला पाहिजे, कार्ड सावलीत आडवं ठेवून काही तास वाळवलं पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते बंद गाडीत तापत राहिलं, तर एन्झाइम निकामी होतात आणि गॅलेक्टोसीमियाच्या (दुधातल्या साखरेचा एक भाग शरीराला वापरता न येण्याच्या आजाराच्या) तपासणीत निरोगी बाळही आजारी दिसू शकतं. अमोनिया तपासायला घेतलेलं रक्त तर बर्फातच न्यावं लागतं, नाहीतर नळीतल्या नळीत अमोनिया वाढतो. गावाकडचं ऊन आणि एसटीचा भरवसा ठाऊक असलेली मुलगी मला या कामात फार मोलाची वाटते.

नीट तिनं द्यावीच. नंबर लागला तर एमबीबीएस, मग बालरोगात एमडी, पुढे मेडिकल जेनेटिक्समध्ये (आनुवंशिक आजारांच्या शाखेत) डीएम ही एमडीनंतरची पदवी. अकरा-बारा वर्षं धरून चाला. नाही लागला तर केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी आणि नागपूर विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी. तुमच्या पत्रावरून माझा कल याच वाटेकडे आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) केलं की तालुक्याच्या लॅबमध्ये लवकर काम मिळतं. घरची ओढाताण असेल तर त्यात कमीपणा नाही, पण एवढ्या शिक्षणावर हे आलेख वाचता येणार नाहीत. माणसांशी बोलायला आवडत असेल तर जेनेटिक कौन्सेलिंगही (आनुवंशिक आजाराबद्दल कुटुंबाला समजावून सल्ला देणं) आहे. तिला कोलामी (तुमच्या भागातल्या कोलाम आदिवासींची बोली) येत असेल तर तिथं ती सोन्यासारखी कामी येईल.

नोकऱ्या आहेत, पण थोड्या, आणि मुख्यतः मुंबई, हैदराबाद, बंगळूरसारख्या शहरांत. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय हे अशा आजारांसाठीचं उत्कृष्टता केंद्र आहे. पोरगी घराजवळच हवी असेल तर तिच्याशी आत्ताच मोकळेपणानं बोला.

आणि तुमच्या भावाबद्दल. हा आजार आईबाप दोघंही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारे) असले तरच होतो, तेव्हा बाळाच्या आईला कुणी बोल लावत असेल तर आधी ते थांबवा. प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो. पुढच्या मुलाचा विचार करण्याआधी या बाळाची आणि दोघांची जनुक तपासणी करून घ्या. जनुकातला बदल नेमका कुठे आहे ते कळलं, तर पुढच्या खेपेला अकराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. बाळाचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, आणि दवाखान्यात जाताना, अगदी साध्या तापाला जातानाही, ती फाइल सोबत न्या.