पार्सल कुरिअरने हरवलं, गिऱ्हाईक पैसे माझ्याकडे मागतंय, मी का देऊ?

बेळगावजवळच्या वडगावच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. त्या आणि त्यांची जाऊ घरातूनच साड्या विकतात, व्हॉट्सअॅप स्टेटसला आणि इन्स्टावर फोटो टाकायचे, पैसे यूपीआयने घ्यायचे आणि माल कुरिअरने पाठवायचा. 12 जूनला कोल्हापूरच्या एका शिक्षिकेला तीन इरकल साड्या पाठवल्या, 18,600 रुपयांच्या, कुरिअरला 180 रुपये दिले. चौथ्या दिवशी ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' आलं आणि त्या मॅडम म्हणतात मला काही मिळालंच नाही. कुरिअरवाले म्हणतात आमच्या रेकॉर्डला पोचलंय, फार तर 1,800 देतो. मॅडम म्हणतात पैसे द्या नाहीतर ग्राहक मंचात जाते. ताई विचारतात, पार्सल कुरिअरकडे दिलं की माझं काम संपलं ना, मग मी का भरू?

ताई, तुमचा संताप बरोबर आहे, घरच्या धंद्यात 18,600 म्हणजे लहान रक्कम नाही. पण स्पष्टच सांगतो, मॅडमचे पैसे परत करा आणि कुरिअरकडून वसुलीचं भांडण वेगळं करा. "कुरिअरने दिले की तुम्हाला देते" हे मॅडमना सांगायचं बंद करा, त्याने तुमची बाजू दोन्हीकडे कच्ची होते.

आता तुमचा मुद्दा अगदीच खोटा आहे का, तर नाही. मालविक्री कायदा 1930, त्याच्या कलम 39 मध्ये लिहिलंय की विक्रेत्याने माल वाहतूकदाराकडे सोपवला की सकृतदर्शनी तो गिऱ्हाइकाला पोचला असं धरायचं. बरेच जण इथपर्यंतच वाचतात आणि थांबतात. त्याच कलमाचं पुढचं पोटकलम असं म्हणतं की मालाचा प्रकार बघून वाहतूकदाराशी वाजवी करार करणं ही विक्रेत्याची जबाबदारी, ती पाळली नाही आणि माल वाटेत गेला तर गिऱ्हाईक म्हणू शकतं की ही डिलिव्हरी मी मानत नाही, किंवा नुकसानभरपाई मागू शकतं. तुम्ही पावतीचा फोटो पाठवलाय त्यात मालाच्या जागी नुसतं 'कपडे' लिहिलंय आणि किमतीचा रकाना कोरा आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला असेल किंमत लिहिली तर चार्ज जास्त लागतो, आणि तुम्ही म्हटलं असेल राहू दे, सगळेच तसं करतात हे मला माहीत आहे, पण साडेअठरा हजाराचा माल किंमत न सांगता पाठवला हे मॅडमच्या वकिलाने दाखवलं तर तुमचं पहिलं पोटकलम तिथेच गळतं. शिवाय तुमच्या स्टेटसला 'घरपोच मिळेल, काळजी नको' असं लिहिलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट मॅडमकडे आहे म्हणताय. घरपोच असं तुम्हीच कबूल केलंत तर कुरिअरच्या काउंटरवर तुमचं काम संपलं असं कसं म्हणणार?

अजून एक, आणि हे आपल्या सीमेवरच्या लोकांनी नीट लक्षात घ्यायला पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, तक्रार टाकू शकतो, म्हणजे केस कोल्हापूरला चालणार, प्रत्येक तारखेला शंभरावर किलोमीटर जाऊन यायचं, गाडीभाडं वेगळं, वकिलाची फी वेगळी आणि त्या दिवशीचा धंदा बंद. व्यवहार म्हणून बघितलं तरी हे परवडत नाही.

पण पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. कुरिअरकडून डिलिव्हरीचा पुरावा लेखी मागा, म्हणजे पीओडी. तुम्हाला त्यांनी मोबाईलवर जो फोटो दाखवला त्यात सही म्हणून एक आडवी रेघ आहे, पुढे 'सेल्फ' लिहिलंय आणि वेळ दुपारी 12.10 आहे. मॅडम म्हणतात त्या वेळी मी शाळेत वर्गावर होते. मग त्यांच्याकडून दोन ओळींचं लेखी घ्या की पार्सल मला मिळालं नाही, ही सही माझी नाही, आणि त्या दिवशीच्या शाळेच्या हजेरीचा पुरावा घ्या. मागताना नीट मागा, संशय घेताय असं वाटू देऊ नका, कारण हाच कागद पुढे कुरिअरविरुद्ध तुमचं मुख्य हत्यार आहे. ज्या यूपीआयवरून पैसे आले त्यावरच परत करा, रोख देऊ नका, आणि मेसेजमध्ये मिळाल्याचं कबूल करून घ्या, सोबत हेही की नंतर पार्सल सापडलं तर ते तुमचं.

आता कुरिअर. 1,800 हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. कॅरेज बाय रोड अॅक्ट 2007, म्हणजे रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा, त्यात कुरिअर एजन्सी पण येते आणि 2011 च्या नियमांप्रमाणे मालाची जास्त किंमत लिहून दिली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापट, 180 चे दहापट 1,800. म्हणून खरं सांगतो, पूर्ण 18,600 मिळतीलच असा भरोसा मी देणार नाही. पण लगेच हारही मानू नका. ही मर्यादा हरवलेल्या मालासाठी आहे, इथे तर ते 'पोचवलं' म्हणतायत आणि सही दुसऱ्याचीच आहे, म्हणजे भलत्याच्या हातात दिलं किंवा त्यांच्याच माणसाने ठेवून घेतलं. हे उभं करता आलं तर मर्यादेच्या विरोधात भांडायला चांगली जागा आहे. दुसरं म्हणजे पावतीवरच्या अटी. 1996 साली भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावर मर्यादा लिहिलेली असेल तर ती बांधील. म्हणजे तुम्ही सही केली होती का नाही हे फार महत्त्वाचं आहे.

सगळ्यात आधी मुदत बघा. कॅरेज बाय रोड अॅक्टच्या कलम 16 प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस पोचली नाही तर दावाच लावता येत नाही. तुमचं बुकिंग 12 जूनचं, म्हणजे 9 डिसेंबर. फोनवर बोललो, ऑफिसात जाऊन भांडलो, कस्टमर केअरला तिकीट टाकलं, यावर विसंबू नका. स्पीड पोस्टाने त्यांच्या बेळगावच्या ऑफिसला आणि मुख्य ऑफिसला दोन्हीकडे नोटीस जाऊ दे, पावती क्रमांक, तारीख, मालाची किंमत, सही खोटी असल्याचा मुद्दा आणि पंधरा दिवसांत पैसे द्या एवढं पुरे, आणि पोस्टाची पोच जपून ठेवा. तोपर्यंत त्यांनी 1,800 चा चेक पुढे केला आणि 'फुल अँड फायनल' वर सही मागितली तर करू नका.

पैसे नाही दिले तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं, मुदत दोन वर्षं. तिथे ते पहिलं म्हणणार की तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही. त्याला उत्तर कायद्यातच आहे, स्वयंरोजगारातून फक्त उपजीविकेसाठी सेवा घेतली तर ती व्यापारी कारणासाठी धरत नाहीत, म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की आम्ही दोघी जावा स्वतः हा धंदा करून घर चालवतो, नोकर-चाकर नाहीत. पावतीवर 'वाद फक्त मुंबईच्या कोर्टात' असं छापलेलं असेल त्याला बिचकू नका, ग्राहक आयोगाचा तुमच्या गावचा हक्क त्याने जात नाही. फी लागणार नाही, कारण पाच लाखांपर्यंत फी नाही आणि तुम्ही सेवेसाठी मोजलेत 180. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. फक्त तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत करा आणि मराठी चॅटचं भाषांतर जोडा, आपल्याकडे बऱ्याच लोकांची केस चांगली असते आणि कागद परत येतात ते याच कारणाने, वाईट वाटतं बघून. चॅट मोबाईलवरून उडवू नका, मोबाईल बदलू नका, त्या स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, म्हणजे मोबाईलमधला हा पुरावा खरा असल्याचा दाखला, लागतं. आयोगात जाण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, मराठीत बोलता येतं, कधीकधी तेवढ्यावर कंपनी हलते.

पोलिसात जाऊ का असंही विचारलंय. माल विश्वासाने सोपवलेल्या वाहतूकदाराने तो लाटला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा होतो, पण आधी पीओडी हातात येऊ दे, नुसत्या संशयावर अर्ज दिलात तर 'सिव्हिल मॅटर आहे' म्हणून परत पाठवतील.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. बेळगावहून कोल्हापूर दोन-अडीच तासांवर असलं तरी कायद्याने ती दुसऱ्या राज्यातली विक्री होते आणि त्याला जीएसटी नोंदणीचे नियम वेगळे आहेत, काही ठराविक हातमाग-हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, तुमच्या साड्या त्यात बसतात का हे सीएंकडून बघून घ्या, कारण केस उभी राहिली की समोरचा वकील तुमचं बिल पहिलं मागणार.

आज एवढं करा, कुरिअरच्या पावतीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा, बारीक अक्षरातल्या अटी वाचता येतील असा, आणि तुमची सही कुठे आहे का ते सांगा. त्यावरून नोटीस कशी लिहायची ते ठरवू.