अहवाल लिहिणं आणि सल्ला देणं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गुप्तचर खात्यात नोकरी करायची आणि पुढे ईशान्य भारताच्या धोरणावर सल्ला द्यायचा, असं तू आत्ताच ठरवलंयस, हे वाचून मनापासून आनंद झाला. ही वाट मळलेली आहे. आयबीचे, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याचे, माजी संचालक पी. सी. हलदर यांनी आसाममधल्या उल्फा या बंडखोर संघटनेशी वाटाघाटी केल्या, आयबीतलेच आर. एन. रवी २०१४ मध्ये नागा बंडखोरांशी चाललेल्या शांतता चर्चेचे मध्यस्थ झाले, आयबीचेच माजी संचालक दिनेश्वर शर्मा यांना २०१७ मध्ये काश्मीरसाठी मध्यस्थ नेमलं गेलं.

खात्यात असताना तू सांगायचं असतं ते एवढंच: काय चाललंय, कोण करतंय, पुढे काय घडू शकतं. काय करावं, हे वरचे ठरवतात आणि ते योग्यच आहे. सल्लागाराचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

म्यानमारची सीमा घे. लांबी १,६४३ किलोमीटर. दोन्ही बाजूंना सोळा किलोमीटरपर्यंत स्थानिकांना व्हिसाशिवाय ये-जा करता येत असे. गुप्तचर अहवालात ही मोकळीक शस्त्रं, अमली पदार्थ आणि बंडखोर यांची वाट म्हणून येते, आणि ते खरंही आहे. पण नागालँडच्या मोन जिल्ह्यात लोंगवा नावाचं कोन्याक नागांचं गाव आहे. तिथे सीमारेषा आंगच्या, म्हणजे गावच्या राजाच्या, घरातून जाते. गावाची शेतं पलीकडेही आहेत, सोयरीक दोन्हीकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ही व्यवस्था बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. कुंपण कुठून न्यायचं, पास कोणी द्यायचा, पेरणीच्या दिवसांत फाटक किती वाजता उघडायचं, हे सल्लागाराला लिहावं लागतं. त्यासाठी ते शेत माहीत असावं लागतं.

म्हणून तिथली एक तरी भाषा शीक, दुभाष्याशिवाय भांडण समजेल इतकी. गुप्त माहिती लवकर शिळी होते. कोणत्या गावाचं कोणाशी पटत नाही आणि का, ही समज पुढे अनेक वर्षं कामाला येते. राज्यघटनेची सहावी अनुसूची (ईशान्येतल्या काही आदिवासी भागांच्या स्वायत्ततेची) आणि १९५८ चा अफ्स्पा, म्हणजे अशांत भागात सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा, मुळातून वाच, बातम्यांतून नको.

सगळ्यात जड जाईल ती लपवण्याची सवय सोडणं. खात्यात ‘खात्रीलायक सूत्र’ लिहिलं की भागतं. राज्याच्या मुख्य सचिवांसमोर तसं चालत नाही, तिथे प्रत्येक निष्कर्षामागचं कारण उघड मांडावं लागतं. सूत्राचं नाव मात्र मरेपर्यंत ओठांवर आणायचं नाही. आणि २०२१ च्या पेन्शन नियमातील बदलानंतर, निवृत्त झाल्यावरही खात्याच्या कामाशी संबंधित काही छापण्याआधी खातेप्रमुखांची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेव.

आता काम देतो. लोंगवाच्या फाटकावर दोन पानी टिपण लिही, फक्त उघड कागदपत्रांच्या आधारे. माहिती एका पानावर, तुझा अंदाज दुसऱ्या पानावर. महिन्याभरात पाठव.

तुझा,
काका