हायब्रिड बॉक्स: वाहिन्या दिसतात, ॲप बंद, तर दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी डीटीएच कंपनीच्या विक्रेत्याकडून मी हायब्रिड सेट-टॉप बॉक्स (डिशच्या वाहिन्या आणि इंटरनेटवरची ॲप दोन्ही दाखवणारा) घेतला. बॉक्सचे ४,४९९ रुपये आणि वर्षभराच्या ओटीटी पॅकचे २,४०० रुपये दिले. घरी ब्रॉडबँड आधीपासून दुसऱ्या कंपनीचे आहे. चार महिने सगळे नीट चालले. पाचव्या महिन्यात बॉक्सचे सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झाले, तेव्हापासून एक ॲप गायब आहे आणि दुसऱ्यात चित्र धूसर दिसते. डीटीएचवाले म्हणतात ब्रॉडबँड तपासा, ब्रॉडबँडवाले म्हणतात लाइन ठीक आहे, दोष बॉक्सचा. त्यात खात्यातून दरमहा १९९ रुपये जातात, ते कशाचे हे मला माहीत नाही. वैतागून रिचार्ज थांबवला, तर आता एकही ॲप उघडत नाही आणि कंपनी बॉक्स परत मागते आहे. बॉक्स कोणाचा? तक्रार कोणाविरुद्ध करू? पैसे परत मिळतील का?

उत्तर: तुमच्या या एका पेटीत तीन व्यवहार गुंतले आहेत. वाहिन्या उपग्रहावरून येतात, ॲपमधले कार्यक्रम इंटरनेटवरून येतात, आणि पेटी ही स्वतंत्र वस्तू आहे. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे ठरवले तर ग्राहक दमून जातो. म्हणून तांत्रिक दोष कोणाचा या वादात आधी शिरू नका. ॲपच्या पॅकचे पैसे कोणी घेतले आणि काय देतो म्हणून घेतले, हे कागदावर पाहा. २,४०० रुपयांची पावती डीटीएच कंपनीच्या नावाची असेल, तर ते ॲप तुमच्या पेटीवर वर्षभर चालू ठेवण्याची जबाबदारी तिची आहे. ॲप बनवणाऱ्याशी तिचे काय बिनसले, हा त्या दोघांमधला प्रश्न.

आता बॉक्सची मालकी. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण; त्याच्या २०१७ च्या सेवा-गुणवत्ता व ग्राहक संरक्षण विनियमांनुसार बॉक्स विकत किंवा भाड्याने घेण्याचा पर्याय कंपनीने ग्राहकाला द्यायचा असतो, आणि कोणता पर्याय घेतला ते ग्राहक अर्जात नोंदायचे असते. या अर्जाची प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे. ती नसेल तर आजच ईमेलने मागा. पावतीवर वस्तूची विक्री, अनुक्रमांक आणि जीएसटी दिसत असेल तर बॉक्स तुमचा, आणि तो परत मागण्याचा अधिकार कंपनीला नाही. स्मार्ट कार्ड मात्र बहुतेक करारांत कंपनीच्याच मालकीचे राहते. पावतीवर ‘भाडे’ किंवा ‘अनामत’ असे शब्द असतील तर चित्र उलटे होते: बॉक्स परत द्यावा लागेल, पण अनामतही परत मिळेल, आणि भाड्याची पेटी बिघडली तर ती दुरुस्त करण्याचा खर्च कंपनीचा. परत देण्याची वेळ आलीच तर बॉक्स, रिमोट, ॲडॅप्टर आणि कार्ड यांचा अनुक्रमांकासह उल्लेख असलेली पोच हातात पडल्याशिवाय तंत्रज्ञाकडे काहीही सोपवू नका. ‘बॉक्स मिळालाच नाही’ ही नोंद नंतर खोडून काढणे फार कटकटीचे असते.

रिचार्ज थांबवण्याचे पाऊल तुमच्या अंगावर येऊ शकते. पेटी बंद आहे, त्यामुळे मूळ दोष आज कोणालाच दाखवता येत नाही, आणि कंपनी म्हणेल की वर्गणीच भरली नव्हती. सगळ्यात स्वस्त मासिक पॅक घ्या, बॉक्स पुन्हा सुरू करा आणि पुरावा गोळा करा. एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा आहे. डीटीएचचे रिचार्ज संपले की इंटरनेटचा भागही कुलूपबंद होतो, हे विक्रीच्या वेळी सांगितले नसेल, अर्जात किंवा खोक्यावर कुठेही लिहिलेले नसेल, तर विकत घेतलेली वस्तू अशी अडवून ठेवणे अनुचित व्यापारी प्रथेत बसवता येते. अर्जात ती अट स्पष्ट असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

पुरावा असा गोळा करा की प्रत्येक पायरीला एकेक बहाणा गळून पडेल. आधी बॉक्सच्या सेटिंगमधल्या सिग्नल स्ट्रेंग्थ आणि क्वालिटीच्या पडद्याचा फोटो घ्या, म्हणजे डिश व एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) ठीक असल्याचे दिसेल. मग बॉक्स राउटरला लॅन केबलने जोडा. वायफाय दोन भिंतींपलीकडे असेल तर धूसर चित्राचे खापर त्यावरच फुटते. बॉक्सवरच स्पीड मोजा, फोनवरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. त्याच वायफायवर तेच ॲप फोनमध्ये लावून पाहा, आणि उलट, फोनचा हॉटस्पॉट बॉक्सला देऊन पाहा. फोनवर चित्र स्वच्छ आणि दुसऱ्या इंटरनेटवरही बॉक्स धूसरच, एवढे दिसले की ब्रॉडबँड कंपनी वादातून बाहेर पडते.

मग पेटीचा भाग. पैसे भरून पाहायच्या ॲपना चित्र एचडीत द्यायचे तर पेटीकडे वाइडव्हाइनसारख्या संरक्षण प्रणालीची वरची पातळी, म्हणजे एल-१, मान्य असावी लागते. अपडेटनंतर ती एल-३ वर घसरली की बहुतेक ॲप साध्या दर्जाचेच चित्र देतात, इंटरनेट कितीही वेगवान असो. तुमच्या वर्णनावरून ही शक्यता दाट वाटते. पातळी दाखवणारी मोफत ॲप ॲन्ड्रॉइड बॉक्सवर चालतात, त्या पडद्याचा फोटो काढा. सॉफ्टवेअरची आवृत्ती, अपडेटची तारीख आणि गायब ॲप शोधल्यावर येणारा ‘या उपकरणाशी सुसंगत नाही’ असा काही संदेश, हेही टिपा. कंपनीचा तंत्रज्ञ एचडीएमआय केबलवर किंवा टीव्हीच्या जुन्या एचडीसीपीवर (केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारी प्रणाली) घसरेल. ती पळवाट बंद करायला दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या पोर्टवर, जमल्यास शेजारच्या टीव्हीवर तपासून पाहा.

फॅक्टरी रीसेट हे सगळे टिपल्यानंतरच करा. केअरवाला फोनवर पहिल्याच मिनिटाला रीसेट सुचवतो आणि त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. बॉक्सला लावलेल्या हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग असेल तर तेही बहुधा त्याच पेटीशी बांधलेले असते, पेटी बदलली की चालत नाही.

व्हिडिओ सलग घ्या: बॉक्सच्या तळावरचा अनुक्रमांक, तिथून कॅमेरा न थांबवता टीव्हीचा पडदा. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपने पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तारखेचा तपशीलही जातो. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत काटेकोर अडकत नाही, तरी भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे, प्रमाणपत्र जोडलेले बरे. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा असतो, दुसरा तज्ज्ञाने. आणि बॉक्सचे पुठ्ठ्याचे खोके रद्दीत दिले नसेल तर जपून ठेवा. त्यावर छापलेली ॲपची चिन्हे हे कंपनीने दिलेले वचन आहे, आणि संकेतस्थळासारखे ते रातोरात बदलता येत नाही.

१९९ रुपयांचे काय? बॉक्स पहिल्यांदा सुरू करताना ‘पहिला महिना मोफत’ म्हणून एखादा ॲड-ऑन चालू झाला असावा. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट (आपोआप कपातीची परवानगी) या भागात जाऊन पैसे कोणाच्या नावावर जातात ते पाहा, स्क्रीनशॉट घ्या आणि मग मॅन्डेट रद्द करा. नुसते ॲप काढून टाकल्याने कपात थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा प्रत्येक कपातीआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. जुने एसएमएस आणि ईमेल चाळा. सूचना येत होत्या आणि सेवाही चालू होती, तर बिघाडाआधीच्या तीन हप्त्यांवरचा तुमचा दावा कमकुवत आहे. संमतीच घेतली नसेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२३ मधली डार्क पॅटर्नविषयीची (ॲप-संकेतस्थळांवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीची) मार्गदर्शक तत्त्वे कामी येतील. त्यांतल्या १३ प्रकारांत वर्गणीचा सापळा आणि गुपचूप वस्तू गळ्यात मारणे हे दोन्ही आहेत.

तक्रार कुठे करायची? ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. टीडीसॅट या दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणाकडे जा असे कंपनी सुचवील, पण ट्राय कायद्याच्या कलम १४ मध्येच ग्राहक मंचापुढे चालणाऱ्या वैयक्तिक तक्रारी वगळल्या आहेत. ओटीटीसाठीची २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतली त्रिस्तरीय यंत्रणा कार्यक्रमांच्या आशयाबद्दल आहे, तुमच्या पैशांबद्दल नाही. राहतो तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, आणि तो तिन्ही व्यवहारांना लागू होतो. कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, करारात कंपनीच्या शहराचे न्यायालय छापलेले असले तरीही. लवादाची अट असेल तर तीही आड येत नाही. एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते, दोनच ठेवा: डीटीएच कंपनी आणि पावती ज्याच्या नावाची आहे तो विक्रेता. १९९ रुपये तिसऱ्याच कंपनीकडे जात असतील तरच तिला जोडा. ब्रॉडबँड कंपनीला ओढू नका, उलट तिच्याकडून लाइन ठीक असल्याचे ईमेलवर लिहून घ्या. आज तुम्हाला टाळण्यासाठी ती जे फोनवर सांगते आहे, तेच तुमच्या बाजूचा कागद ठरते. एकाच समूहाच्या दोन कंपन्यांची नावे सारखी दिसतात, म्हणून प्रत्येक पावतीवरचे पूर्ण नाव आणि जीएसटी क्रमांक जुळवून पाहा.

तक्रारीचा मसुदा करताना लोक दोन ठिकाणी अडकतात. ‘बॉक्समध्ये उत्पादनदोष आहे’ यावरच सगळा भर दिला, तर कलम ३८ खाली तो प्रयोगशाळेत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो. त्याचे शुल्क आधी तुम्हाला भरावे लागते आणि कायद्यातली निकालाची मुदतही तीनवरून पाच महिन्यांवर जाते (प्रत्यक्षात दोन्ही मुदती क्वचितच पाळल्या जातात). त्याऐवजी ‘पैसे घेऊन कबूल केलेली सेवा मध्येच बंद केली’, म्हणजे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, अशी मांडणी करा. दुसरे असे की करारात ‘कोणतेही ॲप पूर्वसूचनेशिवाय वगळू शकतो’ असे कलम बहुधा सापडेल. ते वाचून ‘अनुचित करार’ हा शब्द वापरण्याचा मोह होतो, पण अनुचित कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगापासून सुरू होतो, जिल्हा आयोगाला तो नाही. त्या शब्दामुळे अधिकारक्षेत्राचा आक्षेप ओढवून घेऊ नका. वर्षाचे पैसे आगाऊ घेतल्यावर त्या अटीचा आधार घेऊन उरलेल्या महिन्यांची रक्कम ठेवून घेणे ही अनुचित प्रथा आहे, एवढेच म्हणा.

मागणी नेमकी आणि हिशेबासह असू द्या. पॅकचे आठ महिने वाया, म्हणजे २०० रुपयांप्रमाणे १,६०० रुपये. सहा हप्ते १९९ चे, एकूण १,१९४. बॉक्सबद्दल पर्यायी मागणी करा: दोन्ही ॲप एचडीत चालणारी पेटी बदलून द्यावी, नाहीतर ४,४९९ रुपये परत करावेत. सगळे धरून ७,२९३ रुपये होतात. त्यावर व्याज, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा, पण मूळ रकमेशी प्रमाण राखून. सात हजारांच्या वादात पाच लाखांची भरपाई मागितली की बाकीच्या कागदांकडेही संशयाने पाहिले जाते.

क्रम असा ठेवा. केअरकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (केअरच्या वरचा तक्रार अधिकारी) ईमेल करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. मोठ्या कंपन्यांची अनेक प्रकरणे तिथेच मिटतात, मात्र तो आयोग नव्हे, आणि तिथे गेलेल्या वेळाने दोन वर्षांची मुदत थांबत नाही. तरीही हलले नाही तर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पोचपावतीसह स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तिच्या उत्तरातून कंपनीची भूमिका आधीच कळते. त्यानंतर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार, शपथपत्र आणि क्रमवार कागद चढवा. व्यवहार पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही आणि बाजू स्वतः मांडता येते. कंपनीला लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. ४५ दिवस उलटले की त्या तारखेला लेखी म्हणणे स्वीकारू नये असा अर्ज द्या.

एक मोह टाळा. बाजारात कोणी सॉफ्टवेअर बदलून सगळी ॲप फुकट चालवून देतो म्हणाला तरी पेटी त्याच्या हाती देऊ नका. हमी जाते, कंपनीला आयता बचाव मिळतो, आणि फुकट पाहण्यासाठी संरक्षण प्रणाली मोडणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

नोटिशीनंतर कंपनीचा माणूस फोन करून बहुधा ‘तीन महिन्यांचे रिचार्ज मोफत देतो, तक्रार मागे घ्या’ असे सांगेल. रिचार्जने वाहिन्या दिसतील, ॲप नाही. प्रस्ताव ईमेलवर मागवा. त्यात बॉक्सची मालकी, दोन्ही ॲपची स्थिती आणि परत येणारी रक्कम हे तिन्ही मुद्दे लिहिलेले असतील, आणि रक्कम खात्यात जमा झाली असेल, तरच ‘पूर्ण समाधान’ या शब्दांखाली सही करा.