कागदावर नॉर्दर्न डान्सर आहे म्हणून घोडी फळवावी का?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरजवळच्या मळ्यावर शर्यतीतून उतरलेली ९ वर्षांची थरोब्रेड (शर्यतीच्या जातीची) घोडी आहे. तिच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर हा शर्यतीचा गाजलेला घोडा दोनदा येतो, बापाकडून चौथ्या पिढीत आणि आईकडून पाचव्या. तिचं शिंगरू घ्यावं का आणि अकलूजच्या बाजारात या नावाला भाव मिळेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. नाही मिळणार. अकलूजला गिऱ्हाईक रंग बघतं, नुकरा (पांढरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, कानांची टोकं जुळतात का, केसांचे भोवरे कुठे आहेत, उंची किती. थरोब्रेडचे कान जुळत नाहीत आणि तिथे वंशावळीचा कागद कोणी मागत नाही.

आता नावाबद्दल. नॉर्दर्न डान्सर कॅनडात ऑशावाच्या विंडफील्ड्स फार्मवर २७ मे १९६१ रोजी जन्मला. शर्यतीच्या घोड्याचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे तो जवळजवळ पाच महिने मागे. कारण त्याची आई नटाल्मा १९६० मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने शर्यतीतून बाहेर पडली आणि तिला फळवलं जूनच्या अखेरीस. वर्षाचा झाल्यावर मालक ई. पी. टेलर यांनी २५,००० डॉलर किंमत लावली. एवढ्याशा घोड्याला कोणी घेतलं नाही. मोठा झाल्यावरही तो जेमतेम १५.२ हात (घोड्याचा हात ४ इंचांचा; १५ हात २ इंच), म्हणजे ६२ इंच. त्याच घोड्याने १९६४ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत बरोबर २ मिनिटांत मारली. तो विक्रम १९७३ मध्ये सेक्रेटेरियटने मोडला. पुढे प्रीकनेस जिंकली, बेलमाँटला तिसरा आला, क्वीन्स प्लेट जिंकली आणि पायाच्या शिरेने दगा दिल्यावर निवृत्त झाला. १८ धावा, १४ विजय.

पैदाशीत त्याचा पहिला दर १०,००० डॉलर होता. १९८० च्या दशकात तो ५ लाखांवर गेला, तोही शिंगरू होईल याची हमी न देता. निजिन्स्की, डान्झिग, सॅडलर्स वेल्स हे गाजलेले घोडे त्याचीच मुलं. पण त्याचाच एक बछडा, स्नाफी डान्सर, १९८३ मध्ये १ कोटी २ लाख डॉलरला विकला गेला. तो एकही शर्यत धावला नाही आणि पैदाशीला लावल्यावर त्याची जेमतेम चार शिंगरं झाली. उलट रझीन, हाही त्याचाच मुलगा, १९९० च्या इंग्लंडातल्या एप्सम डर्बीत सर्वांचा आवडता असून मागे पडला; भारतात उषा स्टड या पैदास केंद्रात आल्यावर मात्र त्याने इथला चॅम्पियन साइअर (ज्याच्या शिंगरांची कमाई सर्वांत जास्त तो नर) होण्याचा मान अनेकदा मिळवला. बाप एकच, हिशेब इतका वेगळा.

तुमच्या कागदाचं गणितही बघा. चौथ्या पिढीतल्या पूर्वजाचा वाटा सरासरी सोळावा, पाचव्यातल्याचा बत्तिसावा. मिळून साधारण ९.४ टक्के. शिंगराकडे त्याच्या निम्मं जाईल. दोन्हीकडून तोच पूर्वज आल्यामुळे तिच्यात होणारं अंतःप्रजनन ०.४ टक्क्याच्या आसपास, म्हणजे घाबरण्यासारखं नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. फ्रँकेल या घोड्यात तो ३×४ आहे (बापाकडून तिसऱ्या, आईकडून चौथ्या पिढीत), म्हणजे १.५६ टक्के, आणि तो १४ पैकी १४ शर्यती जिंकला. पण आज धावणाऱ्या बहुतेक थरोब्रेडच्या कागदावर हे नाव सापडतं. शेवटच्या नंबरवर येणाऱ्याच्याही.

म्हणून कागदाची खालची ओळ वाचा, आईची. डेनहिल या घोड्यात नटाल्मा ३×३ आहे, दोन्ही बाजूंनी तीच घोडी. नटाल्माची आई अल्माहमूद ही हेलो या घोड्याचीही आजी. तुमच्या घोडीची आई, तिची भावंडं किती धावली, किती जिंकली, हे विचारा. आणि ती स्वतः का उतरली? गुडघे मागे झुकलेले असतील किंवा पाऊल वाकडं असेल तर तेच शिंगरात उतरण्याची भीती असते. अपघाताने झालेली इजा वेगळी.

शर्यतीसाठी शिंगरू हवं असेल तर दोन्ही आईबाप स्टड बुकात (थरोब्रेडच्या वंशनोंदवहीत) नोंदलेले हवेत आणि फळवणं नैसर्गिकच हवं. कृत्रिम रेतन चालत नाही. पितृत्व डीएनएने तपासतात. घोडी घेताना ‘पैदाशीसाठी नाही’ अशी अट लिहून घेतली होती का, हे पुण्याला स्टड बुकाच्या कार्यालयात नोंद विचारण्याआधी कागदात बघा. मारवाडी घोड्याला लावलीत तर शिंगरू दोन्हीकडच्या नोंदीतून बाहेर, फक्त सवारीचं.

तरीही करायचंच असेल तर मार्च-एप्रिलात फळवा. माज साधारण २१ दिवसांनी येतो, ५ ते ७ दिवस टिकतो आणि बीज त्याच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटतं. डॉक्टरांकडून सोनोग्राफीने ३५ मिलिमीटरच्या पुढचं बीजपुटक (बीज असलेली पिशवी) दिसल्यावर लावा, अंदाजाने रोज लावत बसू नका. पुन्हा तपासणी १४ ते १६ व्या दिवशी, चुकवू नका. जुळं असेल तर एक तेव्हाच दाबून काढता येतं. राहिलं तर बहुधा दोन्ही जातात. गाभ सुमारे ३४० दिवसांचा. पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात हर्पिसची (गाभ पाडणाऱ्या विषाणूची) लस.

सोलापुरात खरी अडचण चाऱ्याची. ज्वारी कापल्यावर खोडाला येणारे हिरवे फुटवे गुरांना किराळ (विषबाधा) लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. घोड्यात ते हळू चढतं. मागचे पाय लडबडतात, लघवी थेंबथेंब गळते, आणि गाभण घोडी खात राहिली तर शिंगरू आखडलेल्या सांध्यांचं जन्मू शकतं. हिरवी ज्वारी तबेल्यात आणूच नका. वाळलेला कडबा चालतो, पण कुट्टी करून आणि सोबत लसूणघास. एकट्या कडब्यावर पोटशूळ होतो, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की हमखास. पाऊणशे-एक लिटरची टाकी दोनदा भरता आली पाहिजे.

व्यायल्यावर घड्याळ लावा. तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत अंगावर पिताना, तीन तासांत वार पडलेली. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेला नाही किंवा वार अडकली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना रात्रीच उठवा.