बीअरची ग्रॅव्हिटी: गुरुत्वाकर्षण, गुरुत्व की घनता?

ओरेगॉनमध्ये राहणारे एक मराठी वाचक घरी बीअर करतात आणि त्याची वही मराठीत ठेवतात. वहीतले एक वाक्य त्यांनी पाठवले आहे: 'मूळ गुरुत्वाकर्षण १.०५०, अंतिम गुरुत्वाकर्षण १.०१०; आंबवताना गुरुत्वाकर्षणावर नियंत्रण ठेवावे.' वाक्य खटकते, पण नेमके काय चुकते आहे आणि त्याजागी काय लिहावे, असे ते विचारतात.

चूक 'आकर्षण' या शब्दात आहे. पृथ्वी वस्तूला ओढते ते गुरुत्वाकर्षण. बीअर करणारा मोजतो ते वेगळेच: माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, म्हणजे वर्ट, पाण्याच्या तुलनेत किती जड आहे. पाणी १.००० धरले, तर साखर विरघळलेला वर्ट १.०५० भरतो, म्हणजे तेवढ्याच पाण्यापेक्षा पाच टक्के जड. इंग्रजीत या दोन्हींसाठी ग्रॅव्हिटी हा एकच शब्द चालतो. मराठीत त्यांची फोड आधीच झालेली आहे: जडपणा ते गुरुत्व, आणि पृथ्वीची ओढ ते गुरुत्वाकर्षण. त्यामुळे वहीतले 'आकर्षण' खोडले की अर्धे काम झाले. पूर्ण नाव विशिष्ट गुरुत्व. वहीत नुसते 'गुरुत्व' पुरे.

हा शब्द मला फार आवडतो. संस्कृत 'गुरु' आणि लॅटिन 'ग्राविस' हे एकाच मुळातून फुटलेले सख्खे शब्द आहेत, दोघांचाही अर्थ जड. ग्रीक 'बारुस' हा त्यांचाच भाऊ, बॅरोमीटरमध्ये तो बसला आहे. वृत्तातले लघु-गुरू, 'गौरव', 'गरिमा' हे सगळे याच घरातले. म्हणजे ग्रॅव्हिटीला गुरुत्व म्हणताना आपण कुणी घडवलेला कृत्रिम प्रतिशब्द वापरत नाही, त्या शब्दाचा घरचाच भाऊ वापरतो.

मग 'घनता' का नको? घनतेला एकक लागते, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर किंवा तसे काही. १.०५० हे नुसते गुणोत्तर आहे, त्याला एकक नाही. शाळेच्या पुस्तकातला 'सापेक्ष घनता' हा शब्द अर्थाने बिनचूक आहे, पण रोजच्या वहीत तो जडच वाटतो.

बोलताना मात्र 'ग्रॅव्हिटी' खुशाल म्हणावे. गॅरेजमध्ये हा शब्द केव्हाच रुळला आहे. बॅटरीवाला ॲसिडची ग्रॅव्हिटी तपासतो आणि १.२५० ला सरळ 'बाराशे पन्नास' म्हणतो. त्याच चालीवर १.०५० ला 'दहाशे पन्नास' म्हणता येईल; अमेरिकेतले बीअर करणारेही 'टेन फिफ्टी'च म्हणतात. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर बुडवून 'डिग्री' बघतात, तेही हेच मोजमाप. २८ डिग्री म्हणजे १.०२८. बीअरचे लोक १.०५० ला '५० पॉइंट' म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे दशांश चिन्हामागचे आकडेच तोंडी राहिले. नाशिकचे द्राक्षवाले आणि साखर कारखान्यातले लोक म्हणतात ते 'ब्रिक्स' मात्र वेगळे माप. ते विरघळलेल्या साखरेचे वजनी टक्के सांगते. साधारण १० ब्रिक्स म्हणजे १.०४०, हे लक्षात ठेवले की एकातून दुसऱ्यात जाता येते. एक सावधगिरी हवी: ब्रिक्स दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर किण्वन, म्हणजे साखरेची दारू होणे, सुरू झाल्यावर फसवतो, कारण अल्कोहोलमुळे प्रकाश वेगळा वळतो. तिथे हायड्रोमीटरच, म्हणजे द्रवात तरंगून गुरुत्व दाखवणारी काचेची नळीच, वापरावा.

गोव्याकडच्या वाचकांना इथे 'ग्राव' हे दारूच्या कडकपणाचे माप आठवेल. काजूची उर्राक १४-१५ ग्राव, फेणी १९-२० ग्राव. ऐकायला तो ग्रॅव्हिटीचा संक्षेप वाटतो, पण तो पोर्तुगीज 'ग्राउ', म्हणजे अंश. त्याचे मूळ लॅटिन 'ग्रादुस', पायरी. शिवाय त्याची दिशाही उलटी आहे: ग्राव जितके जास्त तितकी दारू पाण्यापेक्षा हलकी. तेव्हा या दोन शब्दांची गाठ घालू नये.

आता 'मूळ' आणि 'अंतिम'. 'मूळ'मध्ये 'अंगभूत' अशी छटा येते, म्हणून मी 'सुरुवातीचे गुरुत्व' लिहीन. शेवटासाठी 'अखेरचे गुरुत्व'. अखेरचे कधी म्हणायचे, तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी आली की. पण १.०२० सारख्या वरच्याच आकड्यावर उतरणे थांबले आणि घाईने बाटल्या भरल्या, तर उरलेली साखर बाटलीत फसफसते आणि काच फुटते. अशा वेळी 'गुरुत्व अडकले' म्हणावे. एरवी ते 'उतरते'. ताप उतरतो, पूर उतरतो, तसेच. यीस्ट साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके. म्हणून आकडा दोन्ही बाजूंनी खाली येतो. मधाच्या मद्यात तर तो १.००० च्याही खाली जातो. या उतरण्यावरूनच मद्यार्काचे, म्हणजे अल्कोहोलचे, टक्के काढतात: दोन आकड्यांतला फरक गुणिले १३१.२५. तुमचे ०.०४० धरले तर सव्वापाच टक्के. ५० पॉइंटांपैकी ४० गेले, म्हणजे उतरण ८० टक्के झाली. याला 'उतारा' म्हणू नका. 'साखर उतारा' म्हटले की महाराष्ट्रात कारखान्याचा उतारा डोळ्यांसमोर येतो.

'आंबवणे'बद्दल माझे मत ठाम आहे. इडलीचे पीठ आंबते, कारण ते आंबट व्हायला हवे असते. बीअरचा वर्ट आंबला असे वाचले की मराठी माणूस तो बिघडला असेच समजेल, आणि बहुतेक वेळा ते खरेही असेल. इथे 'किण्वन' हवे. 'किण्व' हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात येतो, दारू फसफसवण्याच्या मिश्रणासाठी. दोन हजार वर्षे याच कामावर असलेला शब्द आहे. (जाता जाता: वर्ट असाच उच्चार करा. वॉर्ट म्हणजे चामखीळ.)

राहिले 'नियंत्रण'. चुलीवर असताना गुरुत्व थेट हाताळता येते. २५ लिटर १.०४० आटवून २० लिटर केले की १.०५० होते, कारण साखर तेवढीच राहते आणि पाणी जाते: २५ गुणिले ४० आणि २० गुणिले ५०, दोन्ही हजार. जास्त झाले तर पाणी घाला. याला मराठीत छान क्रियापद आहे, 'आणणे'. पाक एकतारी आणतो तसे गुरुत्व १.०५० वर आणायचे. यीस्ट घातल्यावर मात्र गुरुत्व हातात राहत नाही. हातात राहते ते तापमान, आणि आधी घेतलेले निर्णय: माल्ट किती गरम पाण्यात भिजवला, यीस्ट किती आणि कोणते घातले. ६५ अंशांना भिजवले तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि गुरुत्व खोल उतरते. ६९ ला भिजवले तर ते वरच राहते. म्हणून किण्वनाच्या काळात 'गुरुत्वावर नियंत्रण' लिहू नये, 'गुरुत्वावर लक्ष' लिहावे.

एका खेपेला मी 'आदण' म्हणेन. गुऱ्हाळात कढईभर रसाला हाच शब्द आहे, आणि इथेही कढवायचा गोड रसच आहे. तुमची नोंद मी अशी लिहीन:

'आदण तिसरे. आटवून गुरुत्व १.०५० वर आणले. माप २० अंशांना घेतले. किण्वन दुसऱ्या दिवशी जोरात. आठव्या दिवशी गुरुत्व १.०१२, नमुना हलवून त्यातला गॅस काढला, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. अकराव्या दिवशी १.०१०, चौदाव्या दिवशीही १.०१०. हे अखेरचे. बाटल्या भरल्या.'