बी पेरून हिरवळ होते. माझी झाली, आणि ती नदीने पेरलेली नव्हती

सांगली-मिरज भागात घरापुढच्या दीड गुंठ्यात बी पेरून हिरवळ होते का, पेरायचे तर कोणत्या महिन्यात, की रोपवाटिकेतल्या तयार चटयाच अंथरून घ्याव्यात, असे आपण विचारले आहे. बी पेरून हिरवळ होते आणि पेरणीचा महिना मार्च. प्रश्न एवढाच असता तर मी लिहायला बसलो नसतो. परंतु आपण शेवटी जे लिहिले आहे, की घरातले जाणते लोक ‘गवत काय कोणी पेरतं का’ म्हणून हसतात, ते वाक्य मी २०१७ पासून माझ्या थोरल्या बंधूंच्या, अण्णांच्या, तोंडून ऐकत आलो आहे, आणि त्याला पुरते उत्तर द्यायची संधी मला अजून मिळालेली नाही.

आपल्या उन्हात टिकणारी, सतत तुडवली तरी पुन्हा उभी राहणारी हिरवळ हवी असेल तर ती हरळीचीच. दुकानात तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, देवघरात दूर्वा म्हणतात आणि शेतात तिच्या नावाने शिव्या देतात, वनस्पती एकच. अण्णांचा ऊस वाळवा तालुक्यात, नदीकाठी आहे. दर उन्हाळ्यात नांगरट झाली की हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पसरणारी तिची पांढरी खोडे, वेचायच्या, बांधावर ढीग घालायचे आणि वाळल्या की जाळायच्या, यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले. माझी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. लोकांच्या बांधांवरून साखळी ओढत चालणाऱ्या माणसाचे बांधावरच्या हरळीशी वैर नसते. उलट भर उन्हात पायाला तेवढीच जागा मऊ लागते. निवृत्तीनंतर सांगलीवाडीतल्या घरापुढे गुंठाभर हिरवळ करायचे मी ठरवले आणि त्यासाठी हरळीचे बी विकत आणले, तेव्हा अण्णा पाकीट हातात घेऊन म्हणाले, “हरळी इकत आणणारा माणूस मी पयल्यांदाच बघतोय. सांगितलं असतंस तर पोतंभर काशा फुकट दिल्या असत्या.”

एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते, पण त्यांनी पेरणीचा मुहूर्तही सांगितला. पेरा मृगाचा, असे त्यांचे म्हणणे होते आणि मी ते ऐकले. हरळीचे बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक असते. साल काढलेल्या एका किलोत ४० लाखांच्या आसपास दाणे भरतात. ते अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर नीट वर येत नाही, म्हणजे ते जवळजवळ मातीच्या तोंडावरच पडून असते. जून २०१७ मध्ये मी ते पेरले आणि चौथ्या दिवशी असा पाऊस कोसळला की सगळे बी पाण्याबरोबर फाटकाकडे वाहून गेले. पंधरा दिवसांनी फाटकाच्या कोपऱ्यात गटारीच्या कडेने दोन हात लांब, गच्च, देखणी हिरवळ उगवली आणि उरलेल्या गुंठ्यात काळ्या मातीची खपली. अण्णांनी ती गटारीची हिरवळ आल्यागेल्याला दाखवली. मुहूर्त कोणाचा होता, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नाही.

म्हणून पेरणी उन्हाळ्याच्या तोंडावर करावी. जमिनीतली ऊब वीस अंशांच्या वर गेली की हे बी चांगले उगवते, थंडीत नुसते पडून राहते. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीपासून ती ऊब मिळते, पाणी आपल्या हातात असते आणि पावसाळ्याच्या आधी मुळे धरायला तीन महिने मिळतात. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-महाबळेश्वराकडे जूननंतर पेरणे म्हणजे बी ओढ्यात टाकणे होय.

दुसऱ्या वर्षी मी कोणाचेही ऐकले नाही. जानेवारीतच जागा खणून, ढेकळे फोडून भिजवली, तण उगवू दिले, खुरपले आणि हाच प्रकार आणखी एकदा केला. हे दोन फेरे ज्याला नको वाटतात त्याने हिरवळीच्या नादी लागू नये. लव्हाळ्याच्या गाठी हाताने खणूनच काढाव्या लागतात. वरवर खुरपल्यास एकाच्या चार होतात. काळ्या मातीत वाळू मिसळा असे सांगणारे पुष्कळ भेटतील, परंतु चार पाट्या वाळूने काळी माती हलकी होत नाही. त्यापेक्षा चाळलेला पोयटा, म्हणजे भुसभुशीत सुपीक माती, आणि पुरते कुजलेले, चाळलेले शेणखत यांचा दोन बोटांचा थर वर द्यावा. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, शंभर फुटांना एक ते दोन फूट, आणि तो डोळ्यांनी न ठरवता गवंड्याच्या लेव्हल पाइपने ठरवावा. मोजणीच्या माणसाचा हा हट्ट समजा, पण पाणी साचले की तिथे गवत पिवळे पडते आणि लव्हाळा हिरवा राहतो.

बी साल काढलेलेच मागावे. सालासकटचे उगवायला दिवस जास्त घेते, आणि तेवढे दिवस मातीचे तोंड ओले ठेवणे कोणालाही जमत नाही. गुंठ्याला अर्धा ते एक किलो बी लागते. मी पाऊण किलो घेतले, दसपट कोरड्या बारीक वाळूत कालवले, निम्मे उभे आणि निम्मे आडवे विस्कटले, खराटा उलटा धरून हलक्या हाताने फिरवला आणि पाणी भरलेले पत्र्याचे पिंप वरून लोटले. त्यावर उसाच्या पाचटाचा इतका विरळ थर दिला की खालची माती दिसत राहावी. ही पेरणी १८ मार्च २०१८ रोजी, गुढीपाडव्याला झाली. त्यानंतर झारीने दिवसातून चार वेळा पाणी. नवव्या दिवशी तिरप्या उन्हात पाहिले तर जमिनीवर हिरवी झाक आली होती. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “घोळ असंल.”

ती घोळ नावाचे तण नव्हते, हरळीच होती. महिनाभराने पाणी दिवसाआड केले आणि गुंठ्याला अर्धा किलो युरिया दिला. गवत दोन इंच झाल्यावर पहिली कापणी केली, तीही धारदार पात्याने, कारण बोथट पाते कोवळे रोप मुळासकट उपटते. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच कापावा. मे संपता संपता माती दिसेनाशी झाली. पुढची देखभाल फारशी नाही: वाढीच्या दिवसांत आठवड्याला एक कापणी, पाच-सहा आठवड्यांनी गुंठ्याला किलोभर युरिया, आणि मुळे खोल गेल्यावर उन्हाळ्यात आठवड्याला एकदाच पण भरपूर पाणी. एक इंच पाणी म्हणजे गुंठ्याला साधारण अडीच हजार लिटर होतात, हे टाकीकडे पाहून आधीच ठरवावे. थंडीत रंग उतरतो. त्या वेळी घाबरून खत टाकू नये.

आता मूळ वादाकडे येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीवाडी पाण्याखाली गेली आणि आम्ही आठवड्याहून अधिक काळ बाहेर होतो. परत आलो तेव्हा घरातला गाळ उपसण्यातच आठवडा गेला, अंगणाकडे पाहण्याची कोणाला शुद्ध नव्हती. तिथे चार बोटे गाळ बसून त्याला भेगा पडल्या होत्या. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी त्या भेगांतून पोपटी टोके वर आलेली दिसली. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. अण्णांच्या गावचे सगळे बांध गाळाखाली, दूर्वा मिळेना. ते माझ्याकडे आले, खाली बसले आणि तीन-तीन पानांच्या एकवीस जुड्या त्यांनी माझ्या अंगणातून खुडल्या. आणि उठताना म्हणाले, “बघ. तू एवढा खर्च केलास, नदीनं फुकटात पेरून दिलं.”

मी त्या दिवशी काही बोललो नाही. त्यांचा ऊस पाण्यात कुजला होता आणि ती वेळ वादाची नव्हती. पण ते गेल्यावर कुदळ घेऊन मी तीन ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले. गाळाचा थर वेगळा दिसत होता, त्याखाली माझा पोयटा, त्याखाली काळी माती. आणि पांढऱ्या काशा पोयट्यातून निघून गाळ भेदून सरळ वर आल्या होत्या. नदीने आणून टाकलेली हरळी असती तर तिची मुळे गाळातून खाली गेली असती, काशा खालून वर आल्या नसत्या. शिवाय उगवण हिरवळीभोवतीच्या विटांच्या कडेच्या आतच, सरळ रेषेत होती. बाहेरच्या गाळात काही नव्हते. नदी विटांची हद्द पाहून पेरत नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, पुन्हा गाळ बसला, पुन्हा तेच गवत वर आले, आणि अण्णांनी “दुसऱ्यांदा पेरलं” असे जाहीर केले. पश्चिमेच्या कोपऱ्यात वीतभर जागेत थोडी भरड पानांची हरळी आहे, ती पुराची असू शकेल, एवढे मी मान्य करतो. त्याहून अधिक नाही.

चटयांविषयी माझे मत चांगले नाही. त्या तांबड्या मातीवर वाढवलेल्या असतात; खालची काळी माती नीट तयार केली नसेल तर मुळे चटईतच घोटाळत राहतात. घरात लग्न महिन्यावर आले असेल तर जरूर अंथरा. आमच्या शेजाऱ्यांच्या चटया २०१९ च्या पुरात सुटून कुंपणाला जाऊन चिकटल्या. त्या दोनच महिन्यांपूर्वी अंथरलेल्या होत्या, हे न सांगणे अन्यायाचे होईल. मात्र क्रिकेटच्या मैदानावरचे टिफवे ४१९ सारखे संकरित गवत हवे असेल तर चटई किंवा काड्यांना पर्याय नाही, कारण ते वांझ आहे, त्याला कामाचे बी धरत नाही. त्याचे ‘बियाणे’ कोणी विकत असेल तर तो आपल्याला फसवतो आहे.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. दिवसाचे सहा तास तरी ऊन नसेल तर बी आणू नये. आंब्याखाली हरळी धरत नाही, तिथे फरशी घालून खुर्ची टाकावी. जमीन क्षारपड असेल तर वाढलेली हरळी ते चांगले सोसते, कोवळे रोप मात्र सोसत नाही. आधी गोड्या पाण्याने जागा धुऊन घ्यावी. जत, माण, खटावात जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते तिथे हा विचारच करू नये. रुंद पानांच्या तणासाठी दुकानदार टू-फोर-डी देतील. शेजारी द्राक्षबाग असेल तर त्या औषधाला हात लावू नका, त्याच्या नुसत्या वाऱ्याने वेलींची पाने मुरडतात आणि मग भांडण तासगावापर्यंत जाते. आणि आपली हद्द कोणाच्या शेताला लागून असेल तर कडेने हातभर खोल विटांची भिंत गाडल्याशिवाय हरळी पेरू नये. या एका बाबतीत अण्णांचे म्हणणे पूर्ण खरे आहे. दुसऱ्याच्या शेतात हरळी सोडणे हे पाप आहे.

आपल्या दीड गुंठ्याला एक किलो बी पुरे. दुकानदार दोन किलो सांगेल. एका कडेला थोडी पट्टी न कापता ठेवावी, कारण सतत कापलेल्या हिरवळीतून खुडायला लांब कोवळी दूर्वा मिळत नाही. माझ्याकडची पट्टी दोन हात रुंद आहे आणि चतुर्थीला अण्णा येऊन जाईपर्यंत मी ती कापत नाही.