विश्वकोश की विकिपीडिया?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहावरील प्रकल्पात तिने विकिपीडियाचा संदर्भ दिला होता. शिक्षकांनी तो नाकारला आणि मराठी विश्वकोश पाहण्यास सांगितले. कोणालाही संपादित करता येणारा कोश आणि तज्ज्ञांनी सिद्ध केलेला कोश यांत खरोखर इतके अंतर असते का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अंतर आहे, पण एक खरा आणि दुसरा खोटा, असे ते नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत आकाराला आलेल्या विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे मजकुराची जबाबदारी कोणाची हे वाचकाला कळते. विकिपीडियावर अशी सही नसते. त्याऐवजी लेखाच्या ‘इतिहास’ पानावर प्रत्येक बदल, त्याची वेळ आणि तो करणाऱ्याची ओळखखूण दिसते, तर निराधार विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण कोणालाही लावता येते. म्हणजे एकीकडे तपासणी छापण्यापूर्वी होते आणि दुसरीकडे प्रसिद्धीनंतर, तीही कोणी लक्ष घातले तरच.

छापील कोशाला काळ आड येतो. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला आणि विसावा 2015 मध्ये पूर्ण झाला. रचना अकारविल्हे असल्याने ‘अ’च्या नोंदी अखेरच्या नोंदींहून जवळपास चाळीस वर्षांनी जुन्या आहेत. आपल्या नाशिकची महानगरपालिका 1982 मध्ये झाली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास पोचली. त्यापूर्वी छापलेल्या खंडात हे कोठून असणार? त्यासाठी संपादकांना बोल लावता येणार नाही.

अचूकतेविषयी बोलताना ‘नेचर’ या नियतकालिकाने 2005 मध्ये केलेल्या तुलनेचा दाखला हमखास दिला जातो. तज्ज्ञांनी विज्ञानविषयक 42 नोंदी तपासल्या, तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सुमारे चार आणि ब्रिटानिकात सुमारे तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवरच जाहीर आक्षेप घेतला होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. शिवाय ती तुलना इंग्रजी विकिपीडियाची होती. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, परंतु तेथे नियमित लिहिणारे फारच थोडे. त्यामुळे अनेकांच्या नजरेखालून गेल्याने मजकूर आपोआप सुधारतो, हा युक्तिवाद मराठी लेखांना सरसकट लावणे मला धाडसाचे वाटते. तेथील एखादी चूक वृत्तपत्राने उचलावी आणि पुढे त्याच बातमीचा आधार विकिपीडियावर दिला जावा, असेही घडू शकते.

तेव्हा शिक्षकांचा आग्रह अगदीच अवाजवी नाही, पण विश्वकोश दाखवून प्रश्न मिटतो असेही नाही. तो संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. आधी तेथील नोंद वाचावी, मग विकिपीडियाच्या लेखाखालचे संदर्भ उघडून पाहावेत. सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला. अशी तारीख वा दादासाहेब गायकवाड यांचा सहभाग लिहिताना मूळ साधनापर्यंत जाणे नववीतल्या मुलीलाही अवघड नाही, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन-भाषणांचे खंड राज्य शासनानेच प्रसिद्ध केले आहेत. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालयही शहरातच आहे. तेथे ग्रंथपालांना विषय सांगून पुस्तके मागावीत. विकिपीडियाचा उल्लेख तरीही करायचा असेल, तर पान कोणत्या तारखेला पाहिले ते प्रकल्पात अवश्य नोंदवावे, म्हणजे शिक्षकांना ‘इतिहास’ पानावरून नेमका तोच मजकूर काढून तपासता येईल.